नुसतं चिझुरू

प्रिय ताई,

परवा तू फोन ठेवलास तो आपटूनच ठेवलास, हे मला इकडे त्सुरुगात बसूनही कळलं. तुला खरा राग आला की तू आधी गप्प होतेस आणि मग एकदम फार शुद्ध बोलायला लागतेस. परवा तर मला, पाठच्या बहिणीला, "आपण आपलं सामान आवरून ठेवावं, रविवारी मी गाडी घेऊन येते" असं म्हणालीस. माझं नाक ओढणं ऐकून तुला वाटलं असणार की मी रडतेय. रडत होतेच. पण तुला वाटलं त्या कारणानं नाही. फोनवर ते सांगणं मला जमलं नसतं, कारण सासूबाई पलीकडच्याच खोलीत होत्या आणि या घरात भिंती कमी आणि कागदी दारंच जास्त. म्हणून लिहितेय. चहा घेऊन बस, सावकाश वाच, आणि मध्येच उठून मला फोन करू नकोस.

आधी इकडची खबर सांगते. या उन्हाळ्यात समुद्रातून काढून वाळवलेलं कोंबू-शेवाळ गेल्या आठवड्यात होक्काइदोहून आलं. वखारीचं दार उघडलं की आता समुद्रच अंगावर येतो. तोमोहारूशिवाय उतरवलेला हा पहिलाच माल. तो असता तर एकेक पान उजेडात धरून, वास घेऊन, अर्ध्या मालाला नावं ठेवून मग त्यानं पावतीवर शिक्का मारला असता. या वेळी सासूबाई काठी टेकत आल्या, एका पानाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि मालवाल्याला म्हणाल्या, "पोराला फसवलं असतंत. मला नाही फसवायचं." खरं तर माल चांगला होता. पण चांगल्या मालापुढेही एकदा नाक मुरडायचं असतं, हे नवऱ्यानं कोणाकडून उचललं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

त्र्याऐंशीव्या वर्षीही त्या रोज सकाळी तासायला बसतात. व्हिनेगरमध्ये मऊ केलेलं पान, त्याचं एक टोक पायाखाली दाबलेलं, दुसरं डाव्या हातात, आणि उजव्या हातात चाकू. त्या चाकूखालून निघणारा पापुद्रा इतका तलम असतो की त्यातून खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. मीही आता शेजारी बसते, पण माझ्या हातून अजून सुताराच्या रंध्याखालून पडावेत तसले छिलके पडतात. ते बघून सासूबाई म्हणतात, "फार सुरेख हो, चिझुरू-सान. तुम्ही फारच कष्ट घेताय." तोमोहारूनं असले छिलके काढले असते तर त्यांनी विचारलं असतं, हे माणसांनी खायचंय की कोंबड्यांनी? ताई, मला त्या कोंबड्या हव्या होत्या. तुला हसू येईल, पण या घरातलं माझं सगळं दुःख एवढंच होतं.

तुझ्या सासूनं तुला साखरपुड्याच्या दिवशीच नुसतं "साचियो" म्हणून बशा विसळायला बसवलं होतं, आठवतं? तू किती रडलीस, बाबांना सांगून लग्न मोडायला निघाली होतीस. मी या घरात आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी चटईवर हात टेकून, माझ्याहून खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, चिझुरू-सान, आमच्याकडे काही उणंअधिक झालं तर सांभाळून घ्या. सुनेपुढे वाकणारी सासू कोणी पाहिलीय? मान सांगावा जना म्हणतात, तसा मी तो माहेरी सगळ्या ओत्सुला सांगितला. आई तर शेजारणींना चहाला बोलावून बोलावून ऐकवायची, आणि तू बशा विसळून आलेली असायचीस, म्हणून जास्तच चिडायचीस. मला वाटलं, हे नव्याचे नऊ दिवस. हळूहळू नावामागचं ते मानाचं सान गळून पडेल. पहिलं वर्ष गेलं, पाचवं गेलं, तोमोहारूचे केस पिकले, आणि सान आपलं जिथल्या तिथे.

एवढ्या मानाची सवय नसलेल्या माणसाला त्याचा जाच होतो, हे मी तुला कधी बोलले नव्हते. संध्याकाळी न्हाणीत पाणी तापलं की सुरू व्हायचं. तुम्ही आधी जा. छे, आई, तुम्ही आधी. असं करता करता पाणी निवायचं, शेवटी तोमोहारू "मग मीच जातो" म्हणून घुसायचा. जेवताना ताटलीतला माशाचा शेवटचा तुकडा कोणीच उचलायचं नाही. आपण दोघी लहानपणी त्या तुकड्यावरून काड्यांनी लढायचो, आई हातावर फटके मारायची. इथे तो तुकडा दोन्ही बाजूंनी आग्रह होऊन होऊन तसाच राहायचा आणि सकाळी शेजारच्या मांजरीला जायचा. या घरातल्या सभ्यतेवर त्या मांजरीनं चांगलं अंग धरलंय.

दुकानात तर आणखी पंचाईत. गिऱ्हाइकापुढे आपल्या माणसाच्या नावाचा मान काढून ठेवायचा असतो, हे तुला मी काय सांगणार. सासूबाईही त्यात कधी चुकायच्या नाहीत. "तोमोहारू वखारीत आहे, बोलावते त्याला," असं चोख बोलायच्या. पण माझी वेळ आली की "चिझुरू-सान आणून देतील." एकदा ओसाकाच्या एका जुन्या खानावळीच्या मालकीणबाईंनी हे ऐकलं. जाताना माझ्या हातावर खाऊचा पुडा ठेवून त्यांनी मायेनं विचारलं, किती वर्षं झाली हो इथे कामाला? चांगली माणसं मिळाली तुम्हाला. मी वाकून आभार मानले. हे ऐकून तोमोहारूला जेवताना हसून हसून ठसका लागला. मीही हसले. पण तो पुडा मी फोडला नाही, तो तसाच शिळा झाला.

तो होता तोवर हे सगळं चालून गेलं, कारण तो मला "ची" म्हणायचा. वखारीतून "ए ची, सुतळी कुठाय" म्हणून ओरडला की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ऐकू जायचं. सासूबाई कावऱ्याबावऱ्या व्हायच्या, "अरे हळू, बायको आहे ती तुझी, हमाल नव्हे" म्हणून त्यालाच दटावायच्या. तो दवाखान्यात होता तेव्हा त्या रोज दोन डबे करून द्यायच्या, वर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून. एकावर "तोमोहारू", दुसऱ्यावर "चिझुरू-सान". आजारी माणसाच्या पथ्याचा डबा वेगळा, हे मला कळत होतं. पण त्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी बघितल्या की मला वाटायचं, उद्या हा नसेल तेव्हा या घरात एक घरचं माणूस उरेल आणि एक पाहुणी.

जानेवारीत तो गेला. आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मला नुसत्या नावानं हाक मारणारं या गावात कोणी उरलं नाही. आई-बाबा नाहीत. इथल्या मैत्रिणी सगळ्या सानवाल्या. लोकांनाही कळेना मला काय म्हणायचं. इतकी वर्षं मी "धाकट्या मालकीणबाई" होते. चोपन्नाव्या वर्षी धाकटी, पण चालायचं. आता मालकच नाही तर धाकटी कसली? तोफूवाले बिचारे दारात उभे राहून "धाकट्या" म्हणाले, थांबले, खोकले, आणि मग "अहो, तोफू" म्हणून मोकळे झाले. हाक मला मारली की तोफूला, कोण जाणे. तूच एक उरली होतीस. फोनवर तू "चिझुरू" म्हणालीस की पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच मला बरं वाटायचं. "इकडे ये, मी आहे ना तुला अगं म्हणायला," असं तू म्हणालीस तेव्हा माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही, ते त्यामुळे.

तरीही मी थांबले होते. पितरांना घरी बोलवायचं ओबोन झालं, तोमोहारूचं पहिलंच. त्याचा दिवा आम्ही दोघींनी समुद्रात सोडला, तो लांब जाईपर्यंत उभ्या राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चाकू बाजूला ठेवला आणि मला समोर बसवलं. म्हणाल्या, "चिझुरू-सान, तुमच्यापुढे अजून बरंच आयुष्य आहे. बहिणीकडे जावंसं वाटलं तर माझी किंवा दुकानाची अडचण धरू नका. माहेरचं आडनाव परत घ्यावंसं वाटलं तरी मला राग नाही. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याचे उपकार मोठे आहेत." एक शब्द इकडचा तिकडे नाही. तू फोनवर बोलायला शिकवायचीस त्या मुलींनी उतरवून घ्यावं असं बोलणं. मी त्यात फट शोधत होते. कुठेतरी "पण" येईल, कुठेतरी आवाज अडखळेल, आणि मी चटकन म्हणेन, आई, मी नाही जात. ती फट काही सापडली नाही. आणि मी तरी काय केलं? मीही वाकले आणि आपली परवानगी असेल तर महिनाअखेरीस जाईन म्हणते, असं म्हणाले. राहा म्हटल्याशिवाय राहायचं कसं, असं मला वाटत होतं. त्यांना वाटत असणार, आपल्याहून तरण्या विधवेला राहा म्हणायचं कुठल्या तोंडानं? दोघीही फार चांगलं वागलो आणि दोघींचंही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिकडे तू खोली रिकामी केलीस, पिवळे पडदे शिवून घेतलेस, मला त्याचे फोटो पाठवलेस. इकडे मी खोकी भरायला घेतली. एक खोकं भरायचे आणि संध्याकाळी त्यातलं काहीबाही पुन्हा जागेवर ठेवायचे. सासूबाई येता-जाता खोक्यांकडे बघायच्या नाहीत, पण बांधायला सुतळी आपणहून आणून द्यायच्या.

आणि परवा तू दुकानाच्या फोनवर फोन केलास, कारण माझा मोबाईल वखारीत राहिला होता. मी पोस्टात पार्सलं टाकायला गेले होते. परत आले तर सासूबाई म्हणाल्या, चिझुरू-सान, तुमच्या ताईंचा फोन होता, सवडीनं करा. नेहमीसारखंच, त्यात काही वेगळं नव्हतं. मी हातपाय धुऊन तुला फोन लावला आणि तू सुरू झालीस. तुझं सगळं बोलणं मला पाठ झालंय. "मी त्यांना नाव सांगितलं. चिझुरूची बहीण बोलतेय म्हणाले. आणि त्या मला सांगतात, चिझुरू पोस्टात गेलीय, येईल इतक्यात, आली की सांगते तिला. चिझुरू म्हणे. गेलीय म्हणे. मला, तुझ्या थोरल्या बहिणीला." मी तुला विचारलं, काय म्हणाल्या, पुन्हा सांग. तू पुन्हा सांगितलंस. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुला वाटलं माझ्या मनाला फारच लागलंय.

तुझा नियम मला माहीत आहे गं. क्योतोच्या त्या मोठ्या दुकानात फोनवर नोकरीला लागलीस तेव्हा तू सगळा सराव माझ्यावरच केलास. केस वाळवायचं यंत्र कानाला लावून मी गिऱ्हाईक व्हायचे. बाहेरच्याचा फोन आला तर आपल्या माणसाचा मान काढायचा, मग तो मोठा साहेब का असेना. पण फोन त्या माणसाच्या घरून आला तर मान ठेवायचा, कारण ते माणूस आधी त्यांचं, मग आपलं. पुढे तू हे किती मुलींना घोटून शिकवलंस, आणि चुकल्या की रडवलंस. सासूबाईंनी नेमकी तीच चूक केली, आणि तीही तुझ्यापुढे. म्हणून तू म्हणालीस, नवरा गेला आणि आता तुला मोलकरीण समजायला लागल्या, सान होतं तोवर निदान मान तरी होता. नियमानं तुझं बरोबर आहे. पण ताई, नियम जरा बाजूला ठेव आणि चूक झाली कशी ते बघ. त्यांनी तुझं नाव ऐकलं. तू माझी कोण, तेही ऐकलं. आणि तरी त्यांच्या मनानं क्षणाचाही विचार न करता ठरवलं, की तू बाहेरची आणि मी घरातली. तुझ्याहूनही मी त्यांची. इतकी वर्षं जे ऐकायला मी बसले होते ते त्या माझ्यासमोर कधी बोलल्या नाहीत आणि तुझ्या कानात बोलून बसल्या. तू ते मला रागानं सांगत होतीस आणि मी इकडे कपाटाला टेकून आनंदानं रडत होते.

त्या संध्याकाळी जेवताना माझे डोळे लाल दिसले असणार. ताईंकडे सगळं ठीक ना, असं सासूबाईंनी विचारलं. मी सांगायला नको होतं, पण मला राहवलं नाही. म्हटलं, ताई जरा रागावलीय, फोनवर तुम्ही माझं नुसतं नाव घेतलंत म्हणून. त्यांनी काड्या खाली ठेवल्या. चेहरा असा उतरला की मलाच भीती वाटली. "नुसतं? सान न लावता?" मी मान हलवली. मिसोच्या साराची वाटी बाजूला सारली. मग त्यांनी जे सांगितलं ते तोमोहारूलाही माहीत नसावं, नाहीतर त्याच्या पोटात राहिलं नसतं.

त्या या घरात नव्या आल्या तेव्हा त्यांची सासू दुकानाच्या दारातून थेट मागच्या विहिरीपर्यंत "किनु" म्हणून ओरडायची. सान सोड, पुरतं किनुयोसुद्धा नाही. गिऱ्हाइकापुढे म्हणायची, ही आमची अक्कलशून्य किनु. गिऱ्हाईक हसायचं आणि यांनी वाकून त्यांना चहा द्यायचा. "अजून कोणी मोठ्यानं नुसतं नाव घेतलं, कोणाचंही, तरी माझी पाठ ताठ होते," असं म्हणाल्या. "म्हणून तुम्ही येणार ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की माझ्या सुनेला त्या हाकेचा धाक या घरात नसेल. मी मरेपर्यंत सान लावीन. लोकांना हसू दे." ओसाकाच्या त्या मालकीणबाईंनी मला कामवाली समजलेलं त्यांनाही ऐकू गेलं होतं, त्याचंही त्यांना वाईट वाटलं होतं, पण तेवढ्यासाठी सान सोडायला त्या तयार नव्हत्या. ताई, आणि मी त्या सानला परकेपणा समजत आले.

मी विचारलं, मग आज दुपारी काय झालं? तर त्या लाजल्या. त्र्याऐंशी वर्षांची बाई मानेपर्यंत लाल झाली. म्हणाल्या, "तोमोहारू गेल्यापासून मनातल्या मनात तसंच म्हणते मी. चिझुरू जेवली का. चिझुरू अजून कशी आली नाही. तासताना तर सारखंच चालू असतं. पोटातलं ओठावर आलं. माफ करा, चिझुरू-सान." बघ, माफी मागतानाही पुन्हा सान. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, की माफी कसली मागता, तसंच म्हणा की. पण नाही म्हणता आलं. मला अमुक म्हणा, असं सुनेनं मोठ्या माणसाला सांगायचं कसं? मीही शेवटी त्यांच्याच तालमीत तयार झालेय. मी त्यांच्या वाटीत गरम मिसो वाढलं आणि आम्ही जेवण उरकलं.

काल सकाळपासून मात्र त्यांच्या अंगात वारं शिरलंय. केस नीट करायला न्हाव्याच्या बायकोकडे वेळ घेऊन आल्या. मोठ्या प्रसंगाचा राखी किमोनो काढून वाऱ्यावर टाकला. मिठाईवाल्याकडे योकानचा सगळ्यात जड डबा सांगून ठेवला. माफी मागायला जाताना हलकी मिठाई न्यायची नसते म्हणे. रविवारी त्यांना ओत्सुला यायचंय, आगगाडीनं, ते गुडघे घेऊन. मी म्हटलं, एवढं कशाला, मी ताईला फोनवर समजावते. त्यावर मला म्हणाल्या, "त्यांनी आपली बहीण विश्वासानं आमच्याकडे दिली. मी त्यांना न विचारता तिला माझी म्हणून बसले. हे फोनवर मिटायचं नाही." ऐकलंस, कुठल्या गुन्ह्याची माफी मागायला येतायत त्या? आणि कालपासून सान इतकं ठासून लावतायत, इतक्या खाली वाकतायत, की आणखी थोडं वाढलं तर मला देव्हाऱ्यातच बसवतील. मला भीती आहे ती त्याचीच. त्या तुझ्यापुढे चटईला कपाळ लावून माफी मागतील, तू तुझ्या त्या शुद्ध भाषेत ती स्वीकारशील, दोघी एकमेकींना चहा घ्या म्हणाल, आणि ते सान माझ्या नावाला जन्माचं चिकटेल. दिलेला शब्द सासूबाई मोडत नाहीत. मग मी या घरात आणखी तीस वर्षं राहिले तरी त्यांच्या तोंडून ते नाव पुन्हा निघायचं नाही.

म्हणून हे पत्र घाईनं टाकतेय, रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून. तू गाडी घेऊन येऊ नकोस, जेवणाच्या आधी आम्हीच तुझ्याकडे पोचतो. पडदे नातीच्या खोलीला लाव, पिवळा रंग तिला आवडतो. मी इथेच राहायचं म्हणतेय; हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, रविवारनंतर सांगेन. त्या वाकतील तेव्हा तूही वाक. थोडा वेळ रागावलेली राहा, तुला ते जमतं, नाहीतर त्यांना वाटेल आपली माफी पुरी झाली नाही. योकान आढेवेढे न घेता ठेवून घे. आणि मग त्यांना एक गोष्ट सांग, जी मी सांगू शकत नाही. आई-बाबा असते तर त्यांनी सांगितली असती. आता माहेर म्हणून बोलायला तूच उरलीस. सांग, की आमच्या चिझुरूला यापुढे सान लावू नका, ती तुमचीच आहे. माझी पाठवणी तेव्हा अर्धीच झाली होती ताई, उरलेली आता तू कर. त्या नाही म्हणतील. तू दुसऱ्यांदा सांग. मी तिथेच शेजारी बसलेली असेन. मला त्या हाकेला एकदा ओ द्यायची आहे.

तुझीच,
चिझुरू